दुधाचं बोगणं

लग्न ठरलं की आमच्याकडं याद व्हायची. सोनं किती, मानपान कुणाकुणाचा आणि भांडी किती. भांडी म्हणजे पितळेची. तांब्याचा एखादा हंडा नाहीतर बंब असायचा, बाकी सगळं पितळ. निफाडकडच्या गावांतली माणसं त्यासाठी नाशिक गाठायची. भांडीबाजारात दुकानदार एकेक नग काट्यावर ठेवायचा, बोटानं वाजवून दाखवायचा, आणि दर ठरला की पायरीवर बसलेला माणूस टोचणीनं नाव घालायचा. तांबट लेनमधून जाताना ठोक्यांच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. गोदावरीला पूर आला की अजूनही पहिली बातमी भांडीबाजारात पाणी शिरल्याचीच असते, आणि ती वाचली की मला माझ्या आजीची फळी आठवते. घंगाळ, हंडे, कळश्या, परात, कासंडी, चरव्या, आणि सगळ्यात शेवटी, चुलीच्या जवळ, दुधाचं बोगणं.

बाईचा स्वच्छपणा भांड्यांवरून ओळखायचा, असा तो काळ होता. चिंच आणि राख घेऊन रोज सकाळी घासणं चालायचं. पितळ सोन्यासारखं झालं पाहिजे, असं आजीचं म्हणणं. ते व्हायचंही. फक्त चिंचेनं नि राखेनं आतली कल्हईही झिजायची.

कल्हईवाला वर्षातून दोनदा यायचा. वेशीजवळच्या लिंबाखाली खड्डा खणून भाता पुरायचा, कोळसे फुलवायचा, भांडं तापवून आत नवसागर टाकायचा. पांढरा धूर निघायचा. मग कथलाची कांडी फिरवायची आणि चिंधीच्या बोळ्यानं पुसत न्यायचं. काळवंडलेलं भांडं आतून चांदीसारखं व्हायचं. आम्ही पोरं नाकाला पदर किंवा सदरा लावून बघत बसायचो. प्रत्येक भांड्याचे पैसे लागायचे, म्हणून घरी आधी निवड व्हायची. आमटीचं पातेलं पाहिजेच. ताकाचं, कढीचं पाहिजेच. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो, हिरवट होतो, तोंडात धरवत नाही; हे लहान पोरीलाही ठाऊक होतं. चुकून ताक पितळेत राहिलं तर आजी ते कुत्र्यालासुद्धा घालू द्यायची नाही. बोगणं मात्र या निवडीत बसायचं नाही. "दुधाला कशाला कल्हई? दूध कुठं कळकतं?" आजी म्हणायची. आणि खरंच, आमच्या घरात दूध कळकल्याचं कुणी कधी म्हटलं नाही.

म्हशीचं दूध धारेनंतर बोगण्यात यायचं आणि दिवसभर चुलीच्या वैलावर मंद आचेला असायचं. साय जाड यायची. घरातल्या तान्ह्या मुलाला पाजायचं दूध त्यातूनच निघायचं. पाणी घालून, साखर घालून, कापसाच्या बोळ्यानं नाहीतर बोंडल्यानं.

काकी आमच्या घरात आली तेव्हा मी दुसरी-तिसरीत होते. १९६७ साली तिला पहिला मुलगा झाला. गावभर पेढे वाटले. मुलगा म्हणून त्याचं सगळं लवकर आणि जास्त. बाळसं धरावं म्हणून दुसऱ्या महिन्यापासूनच त्याला वरचं दूध सुरू झालं. वर्षाचा होईपर्यंत तो गुटगुटीत होता. नंतर किरकिरा झाला. रात्र रात्र झोपायचा नाही, कडेवर घेतला तरी रडायचा. अंगात बारीक ताप. पोट हळूहळू मोठं व्हायला लागलं. आधी सगळ्यांना वाटलं अंग धरतोय. मग हातपाय वाळले आणि पोट तेवढं राहिलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी उजव्या बरगडीखाली बोटं दाबून पाहिलं आणि म्हणाले, "लिव्हर झालंय."

हा शब्द आमच्याकडं आजाराचं नाव म्हणूनच चालायचा. अमक्याच्या पोराला लिव्हर झालं, म्हणजे ते जाणार, असा त्याचा अर्थ. मी काकीबरोबर एकदा गेले होते, तेव्हा डॉक्टरांनी माझाही हात धरून त्या जागेवर ठेवला. कातडीखाली पाटीच्या काठासारखी कडक कड लागली. दीड वर्षाच्या मुलाच्या पोटात इतकं कडक काही असू शकतं हे मला माहीत नव्हतं.

औषधं झाली. मद्रासकडून कुणीतरी मागवलेली बाटली झाली. कावीळ उतरवणाऱ्याकडं नेलं. एका म्हातारीनं पोटावर बिब्ब्याचे डाग दिले, त्याचं रडणं मी परसात ऐकलं. डोळे पिवळे झाले, पोटात पाणी भरलं, आणि १९६९च्या पावसाळ्यात तो गेला.

पुढच्या वर्षी काकीला मुलगी झाली. तिच्यासाठी कुणी घाई केली नाही. वरचं दूध, बाळसं, कुणाला आठवलंच नाही. ती दीड वर्ष अंगावर पीत राहिली आणि मग एकदम भाकरीच्या काल्यावर आली. ती आज नातवंडं सांभाळते आहे.

त्यानंतर १९७१ साली दुसरा मुलगा. आणि इथं आजीनं जे केलं त्याबद्दल मी पुष्कळ वर्षं विचार केला आहे. पहिला मुलगा आईच्या दुधानं गेला, तिच्या दुधातच दोष आहे, असं गावातल्या दोघीतिघींनी ठरवलं होतं आणि आजीच्या मनात ते बसलं होतं. ताटलीत काकीचं दूध काढून त्यात मुंगी सोडून पाहिली होती, मुंगी मेली. (मुंगी दुधात बुडणारच. पण हे तेव्हा कोण बोलणार?) म्हणून दुसऱ्या मुलाला जन्मल्यापासून आईच्या अंगावर घेऊ दिलं नाही. त्याला पूर्ण म्हशीच्या दुधावर वाढवला. वैलावरच्या बोगण्यातल्या. काकीला पान्हा फुटायचा, चोळी भिजायची आणि ती न्हाणीघरात जाऊन पिळून टाकायची. मी तेव्हा चौदा वर्षांची, मला सगळं कळत होतं आणि काही म्हणता येत नव्हतं. तो मुलगा पहिल्यापेक्षा लवकर गेला. चौदा महिन्यांचा होता.

मग काकी पांढऱ्या पायाची ठरली. सणावाराला ओटी भरायला तिला पुढं बोलवेनासे झाले. कुणाच्या तान्ह्या बाळाला तिनं घेतलं की त्या बाळाची आई काही तरी निमित्त काढून त्याला परत घ्यायची.

आमच्या मळ्यातल्या सालदाराच्या घरी त्याच काळात चार मुलं झाली. त्यांच्याकडं म्हैस नव्हती, पितळ नव्हतं. एक जर्मनचं पातेलं आणि मातीची मडकी. मुलं काटकुळी होती, नाक वाहणारी, गोवरात एक फार आजारी पडलं होतं. पण लिव्हर कुणाला झालं नाही. आजी म्हणायची, "गरिबाला देव राखतो." तिच्या आवाजात तेव्हा थोडी तक्रारच असायची.

चौथ्या खेपेला काकीचा भाऊ तिला घेऊन गेला. तो ओझरला मिगच्या कारखान्यात होता, वसाहतीत दोन खोल्या होत्या. काकी दोन वर्षं तिथंच राहिली. वणीच्या देवीला नवस बोलली होती. मुलगा झाला, जगला, आणि सप्तशृंगीच्या पायऱ्या चढून नवस फेडला. ओझरच्या त्या खोल्यांत सगळी भांडी स्टीलची होती हे मी पाहिलं होतं. त्याचा कशाशी काही संबंध असेल असं मात्र कुणाच्या मनात येण्याचं कारण नव्हतं.

माझ्या बहिणीची मुलगी डॉक्टर झाली. शिकत असताना सुट्टीत आली की पुस्तक घेऊन ओट्यावर बसायची. एकदा सहज म्हणाली, "मावशी, एक आजार आहे, आमच्या सरांनी सांगितलं की आता तो बघायलाच मिळत नाही, नुसता परीक्षेत विचारतात. भारतीय बालकांचा सिरॉसिस. पितळेच्या भांड्यातल्या दुधानं व्हायचा." मी तांदूळ निवडत होते. मी तिला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

नंतर मी तिच्याकडून मिळेल ते वाचून घेतलं. शाळेत मी विज्ञान शिकवलं होतं, त्यामुळं काही कळलं, काही तिनं समजावलं. जे कळलं ते इथं लिहिते, कारण आमच्या भागातल्या किती घरांना ते कुणी सांगितलंच नाही.

या आजाराची पहिली नोंद १८८७ साली कलकत्त्याला सेन नावाच्या डॉक्टरांनी केली. म्हणजे माझ्या आजीच्या जन्माच्याही आधी. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं डॉक्टर कारण शोधत होते. कुणी म्हटलं काविळीचा विषाणू असेल. कुणी म्हटलं बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातलं विष. एकाच घरात भावंडांना व्हायचा म्हणून कुणी म्हटलं रक्तातच आहे, घराण्याचा दोष आहे. भावंडं रक्ताबरोबर चूलही वाटून घेतात, इकडं बराच काळ कुणाचं लक्ष गेलं नाही. मला त्या मंडळींना नावं ठेवायची नाहीत. जो काविळीचा तज्ज्ञ तो काविळीच्या वाटेनं जाणार, जो रक्ताचा तो रक्ताच्या.

धागा सापडला तो सूक्ष्मदर्शकाखाली. १९७८च्या सुमारास लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधल्या मंडळींनी अशा मुलांच्या यकृताचे कातळे ओर्सीन नावाच्या रंगानं रंगवून पाहिले, तर पेशींत जाडे तपकिरी कण दिसले. तांबं साठलं की असे कण दिसतात. मग यकृतातलं तांबं मोजायचं ठरलं, आणि इथं मला फार गंमत वाटली. १९७९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकाच्या साप्ताहिकात त्याविषयी जो लेख आला, त्यावर सात जणांची नावं आहेत. स्टुअर्ट टॅनर हे मुलांचे डॉक्टर, यकृताचे तज्ज्ञ, सूक्ष्मदर्शकावर काम करणारे, पुण्याच्या केईएमचे डॉक्टर आनंद पंडित, आणि मिल्स नि ब्रेम्नर असे दोघे, स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनच्या रोवेट संस्थेचे. ही संस्था जनावरांच्या चाऱ्या-पोषणावर काम करणारी. मेंढीला तांबं सोसत नाही. थोडंसं जास्त झालं तरी तिच्या यकृतात साठत जातं आणि ती मरते. तांबं यकृतात कसं साठतं, ते कसं मोजायचं, हे या गुराढोरांच्या पोषणवाल्यांइतकं कुणाला ठाऊक असणार? निरोगी माणसाच्या वाळवलेल्या यकृताच्या एका ग्रॅममध्ये तांबं ५० मायक्रोग्रॅमच्या आत असतं. या मुलांच्या यकृतात ते हजाराच्या घरात निघालं, कित्येकांत त्याहूनही पुष्कळ जास्त.

आता प्रश्न असा, की एवढ्याशा पोराच्या पोटात तांबं आलं कुठून? याचं उत्तर लंडनला नव्हतं आणि अ‍ॅबर्डीनलाही नव्हतं. ते आमच्यासारख्यांच्या वैलावर होतं. पुण्याच्या रास्ता पेठेतल्या केईएममध्ये डॉक्टर शीला भावे, डॉक्टर पंडित आणि टॅनर यांनी आयांना विचारायला सुरुवात केली. आजारी मुलांच्या आया, आणि त्याच वयाच्या, पण हा आजार नसलेल्या मुलांच्याही आया. दोघींना प्रश्न तेच. बाळाला अंगावर किती दिवस पाजलं? वरचं दूध कितव्या महिन्यात सुरू केलं? दूध गाईचं की म्हशीचं? आणि ते तापवलं कशात, ठेवलं कशात?

हा शेवटचा प्रश्न मी किती तरी वेळा मनाशी म्हणून पाहिला आहे. यात वैद्यकाचं काय आहे? तो तर चुलीपाशी बसणाऱ्या बाईला सुचावा असा प्रश्न. पण तो विचारायचा तर आधी कुणाला तरी यकृतातलं तांबं दिसायला हवं होतं. आणि ज्याला तांबं दिसलं त्याच्या घरी वैल नव्हता. दोघं एका टेबलाशी बसले तेव्हा तो प्रश्न तयार झाला.

उत्तर १९८३ साली छापून आलं. आजारी मुलांच्या घरी दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवण्या-ठेवण्याचं प्रमाण निरोगी मुलांच्या घरांपेक्षा खूपच जास्त होतं, आणि त्या मुलांना वरचं दूध फार लवकर सुरू केलेलं होतं. पुढं दुधाचीही परीक्षा झाली. पितळेच्या भांड्यात दूध तापवून ठेवलं की तांबं दुधात उतरतं आणि दुधातल्या केसीन या प्रथिनाला चिकटून बसतं. म्हणजे ताकानं जे उघड केलं असतं ते दूध पोटात घेऊन गप्प बसतं. हिरवं होत नाही, फाटत नाही. आजीला जे माहीत होतं ते खरं होतं, पण ते आंबटापुरतं होतं.

मोठ्या माणसाचं यकृत जास्तीचं तांबं पित्तावाटे बाहेर टाकतं. तान्ह्याला ते नीट जमत नाही, शिवाय जन्मताच त्याच्या यकृतात तांब्याचा थोडा साठा असतोच. आईच्या दुधात तांबं अगदी कमी. त्यामुळं जे मूल अंगावर वाढलं ते सुटलं आणि ज्याचे लाड झाले ते सापडलं. आमच्या घरात मुलगी वाचली ती दुर्लक्षामुळं, हे लिहिताना आजही हात अडखळतो.

तरी सगळं इतकं सरळ नाही. एकाच बोगण्यातलं दूध पिऊन एक भाऊ जायचा आणि दुसऱ्याला काही व्हायचं नाही, अशीही घरं होती. तांब्याच्या जोडीला काही उपजत कमजोरी असावी असं काही संशोधकांना वाटतं. ऑस्ट्रियातल्या टायरॉल या डोंगराळ मुलखात, जिथं आपला एक माणूस नव्हता, अगदी असाच आजार होता. १९०० ते १९७४ या काळात तिथं १३८ लहान मुलं त्यानं गेल्याची नोंद तिथल्या डॉक्टरांनी १९९६ साली छापली. त्या शेतकऱ्यांच्या बायका गाईचं दूध पाणी-साखर घालून, कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात शिजवून मुलांना द्यायच्या. तिथंही ठरावीक घराण्यांत जास्त. आणि तिथंही भांडी बदलल्यावर आजार गेला. टायरॉलच्या बाया आणि माझी आजी एकमेकींना भेटल्या असत्या तर भांडी घासण्यावरून त्यांचं छान जमलं असतं.

आपल्याकडं तो गेला तो थोडा डॉक्टरांच्या सांगण्यानं आणि थोडा स्टीलनं. पुण्याच्या मंडळींनी आयांना, गावागावांतल्या लोकांना सांगितलं, पेनिसिलामाइन नावाचं तांबं बाहेर काढणारं औषध लवकर सापडलेल्या मुलांना देऊन त्यातली काही वाचवलीही. पण त्याच काळात दारोदार मोडवाले फिरत होते. पितळ द्या, स्टील घ्या. आमच्याही फळीवरचं निम्मं पितळ असंच गेलं. बायकांनी स्टील घेतलं ते घासायला सोपं म्हणून, चिंच नको, राख नको, कल्हई नको म्हणून. पोरं वाचतील म्हणून नव्हे. आळशीपणा म्हणून सासवांनी ज्याला नाव ठेवलं त्यानं किती मुलं वाचली याचा हिशेब कुणी केला असेल असं वाटत नाही.

आता पितळ परत येतंय. माझ्याच नात्यातली एक शिकलेली सून परवा भांडीबाजारातून पितळेची पातेली घेऊन आली, आरोग्याला चांगली म्हणून. तिला मी एवढंच विचारलं की कल्हई केलेली आहेत का आणि बाळाचं दूध कशात तापवतेस. ती हसली, म्हणाली, स्टीलमध्येच. मग ठीक आहे. भाजी करा, पुरणपोळीचं पुरण शिजवा, शोभेला मांडा.

काकीला सांगावं की नाही, हे मला बरेच दिवस ठरवता येत नव्हतं. एकीकडं तिच्यावरचा बट्टा पुसला जाणार होता. दुसरीकडं ते दूध रोज तिनंच तापवलं होतं, पहिल्याला तिनंच पाजलं होतं. चाळीस वर्षांनी एका बाईला हे सांगायचं म्हणजे कुठली तरी जखम उघडायचीच. भाचीला विचारलं तर ती म्हणाली, "मावशी, तिला जाणून घ्यायचा हक्क आहे." डॉक्टर लोकांचं असं सरळ असतं. शेवटी २००९च्या दिवाळीत मी गावी गेले तेव्हा बोलले. काकी तेव्हा साठीच्या पुढं गेलेली. शेंगा फोडत बसली होती. मी पितळेपासून सुरुवात केली, तांबं, दूध, पुण्याचे डॉक्टर, सगळं तिला समजेल असं सांगितलं. ती फोडायची थांबली नाही.

बऱ्याच वेळानं म्हणाली, "मंग माझं दूध?"

"तुझं दूध चांगलं होतं, काकी. तेच मिळालं असतं तर..." पुढचं मी गिळलं.

"मला कोन्ही इचारलंच नाही," ती म्हणाली. "तालुक्याचे आले, नाशिकचे झाले. दूध कोनाचं एवढंच इचारलं. कशात तापवती, कोन्हीच इचारलं नाही. इचारलं असतं तर सांगितलं नसतं का मी?"

मी गप्प बसले. मग तिला वाटलं असावं की मी आजीवर चिडले आहे. म्हणाली, "तू लिहिती ना. लिही हे. पण आत्याबाईंना नावं नको ठेवू." आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. "त्यांनी बी दोन पुरलेत. तुझ्या बापाच्या आधीचे. ह्याच दुखण्यानं. मला एकदाच सांगितलं त्यांनी, दुसरा गेला त्या राती."

हे मला माहीत नव्हतं. माझ्या वडिलांनाही माहीत होतं की नाही कोण जाणे. ते कधी बोलले नाहीत. आजीचं ते बोगणं तिच्या लग्नातलं होतं, त्यावर तिच्या वडिलांचं नाव होतं.

काकीनं सूप बाजूला सारलं आणि बोटं मोजायला लागली. "वाड्यात दोन गेले. त्यांचं बोगणं आपल्याहून मोठं व्हतं. सोनाराकडं एक. त्यांचं बी पितळच. वरच्या आळीला त्या गुरुजीकडं एक पोरगी गेली, ती वरच्या दुधावरच व्हती, तिची माय बाळंतपणात गेलती म्हून." मग थोडं थांबून म्हणाली, "कुंभाराकडं?" आणि स्वतःच उत्तर दिलं. "नाई. कुंभाराकडं एक बी नाई. त्यांचं दुधाणं मातीचं." तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. ती पुढं मोजत राहिली, घर, मूल, भांडं. चांभारवाडा, माळ्याचा मळा, वेशीबाहेरची वस्ती. तिला चाळीस वर्षांपूर्वीची प्रत्येक घराची चूल आठवत होती.

एका घरापाशी येऊन ती अडली. "ह्यांच्याकडं तर जर्मनचंच व्हतं. मी सोता पाह्यलंय. तरी पोरगं गेलं, पोट फुगूनच." तिनं ते बोट दुमडलं नाही, तसंच धरून ठेवलं. "तिथं काय झालं असंल गं?"